तोडायलाही खर्च: प्रथिनांच्या मोडतोडीची पार्श्वभूमी

चयापचयातला ‘चय’, म्हणजे घडण, अभ्यासकांचा लाडका. ‘अपचय’, म्हणजे मोडतोड, बिचारा बराच काळ दुर्लक्षित राहिला, त्यातून वाचकांना तो अपचनाचा भाऊ वाटतो. प्रथिनं बनतात कशी यावर अमाप प्रयोग झाले. ती मोडतात कशी, हा प्रश्न कुणाला फारसा पडला नाही.

शरीराचा सांगाडा पक्का आणि अन्न म्हणजे इंधन, अशी जुनी समजूत होती. १९३९ च्या सुमारास जड, म्हणून वेगळ्या ओळखता येणाऱ्या नायट्रोजनची खूण असलेलं ल्युसिन (प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एक) प्रौढ उंदरांना तीन दिवस खाऊ घातलं गेलं. खूण लघवीतून बाहेर पडावी अशी अपेक्षा. पण निम्म्याहून अधिक नायट्रोजन ऊतींच्या प्रथिनांत जाऊन बसला होता. उंदरांचं वजन मात्र तेवढंच. म्हणजे नवं जितकं आत आलं, तितकं जुनं मोडलं होतं.

१९५५ मध्ये जिवाणूंवरच्या प्रयोगांनी यावर पाणी फिरवलं. वाढत्या ई. कोलाय या जिवाणूत एकदा बनलेलं विकर (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) मोडताना दिसेना. मग प्राण्यांतली उलाढालही मरणाऱ्या पेशींमुळे दिसत असावी, असा अर्थ लावला गेला. माझ्या मते ही घाई होती. जिवाणू भराभर दुभंगतो, जुनं प्रथिन वाटणीतच विरळ होतं. यकृताच्या पेशीला ती सोय नाही. पुढे उपाशी जिवाणूही आपली प्रथिनं मोडतात, हे दिसलंच.

खरी गाठ वेगळीच होती. प्रथिनातली अमिनो आम्लं जोडणारा पेप्टाइड बंध तुटताना ऊर्जा सुटते. जठरातली विकरं तो फुकटात तोडतात. तरी १९५३ मध्ये यकृताच्या चकत्यांचा ऊर्जापुरवठा बंद केला, तर त्यांतून अमिनो आम्लं सुटणं मंदावलं. तोडायला खर्च कसला? लवकरच लायसोसोम, म्हणजे पेशीतली आम्लयुक्त पचनपिशवी, सापडलं आणि सगळं श्रेय त्याला गेलं. ऊर्जा त्याच्यातली आम्लता राखायला लागत असेल, म्हणून विषय मिटला.

१९७७ मध्ये तो पुन्हा उघडला. अपक्व लाल रक्तपेशींच्या अर्कात लायसोसोम नव्हतं. तरी सदोष प्रथिनं मोडत होती, आणि एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, घातलं की वेगाने. १९८० पर्यंत उलगडा झाला: खर्च तोडण्याचा नव्हे, निवडीचा. ७६ अमिनो आम्लांचं युबिक्विटिन हे छोटं प्रथिन खूण म्हणून नको असलेल्या प्रथिनावर चिकटवायला एटीपी लागतं. नंतर अशी खूण केलेली प्रथिनं तोडणारं, पिंपासारखं प्रोटिएसोम कळलं. प्रथिनाची घडी उलगडून आत ढकलायलाही एटीपी लागतं. २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल युबिक्विटिनला मिळालं. पेशीचेच भाग लायसोसोमकडे नेणाऱ्या स्वभक्षणाला (वैद्यकशास्त्राच्या) नोबेलसाठी २०१६ उजाडावं लागलं.

तोवर हा विषय दवाखान्यातही पोचला होता. २००३ मध्ये मल्टिपल मायलोमा या रक्तपेशींच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झालेलं औषध प्रोटिएसोमच अडवतं. त्या कर्कपेशी प्रतिपिंडं इतकी बनवतात, की मोडतोड थांबली की स्वतःच्याच ढिगाऱ्याखाली मरतात.