‘ओल्ड-फॅशन्ड’मधला जोर नेमका कुठे?

नाशिकच्या मेन रोडवरचं ‘रेडीमेड’ असो की नाशिकरोड स्टेशनवरचं ‘फर्स्ट क्लास’, या इंग्रजी जोडशब्दांचे आपण दोन्ही भाग सारख्याच जोराने म्हणतो. मराठीत आघात सरकला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. कानाला ती सवयच नाही. त्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी येईपर्यंत मराठी शाळेत ते पाचवीला सुरू व्हायचं, तेही स्पेलिंगच्या वाटेनं. म्हणून जे लिहिलंय ते सगळं उच्चारायचं, हा हिशेब.

सर्वात जास्त घोटाळा शेवटच्या ‘एड’चा. ‘ओल्ड-फॅशन्ड’चे अवयव, म्हणजे उच्चाराचे तुकडे, तीन: ओल्ड, फॅ, शन्ड. आपल्याकडे ‘फॅशनेड’ करून चार होतात. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत हा प्रत्यय खरोखरच वेगळा अवयव होता. पुढे त्यातला स्वर गळत गेला, आणि १७१२ साली लेखक जोनाथन स्विफ्टने ‘डिस्टर्ब्ड’सारख्या व्यंजनांच्या खडखडाटाबद्दल जाहीर तक्रार केली. ती कुणी ऐकली नाही. आज तो स्वर मुख्यतः ट किंवा ड नंतर टिकलाय: ‘काइंड-हार्टेड’, ‘लेफ्ट-हँडेड’. ‘वेल-ड्रेस्ड’मध्ये तर दोनच अवयव, आणि शेवटचा ड ऐकू येतो ट सारखा.

आता जोर. ‘ब्लॅकबोर्ड’सारख्या जोडनामात तो पहिल्या भागावर, ‘वॉटरप्रूफ’, ‘होमसिक’ या विशेषणांतही तसंच. पण पहिला भाग विशेषण आणि शेवटी ‘एड’ असेल, तर मुख्य जोर दुसऱ्या भागावर जातो: ‘बॅड-टेम्पर्ड’मध्ये टेम्-वर, ‘ओल्ड-फॅशन्ड’मध्ये फॅ-वर. १९१७ च्या, ध्वनिशास्त्रज्ञ डॅनिअल जोन्सच्या इंग्रजी उच्चारकोशापासून रुळलेली खूण म्हणजे जोराच्या अवयवाआधी छोटी उभी रेघ. काही जुन्या कोशांत खूण जोराच्या स्वरानंतर किंवा अवयवानंतर असायची, म्हणून जुना कोश हाताशी असेल तर आधी त्याची रीत पाहावी.

कोशातला जोर सुट्या शब्दाचा असतो, हे मात्र विसरलं जातं. ‘द बिल्डिंग इज ओल्ड-फॅशन्ड’मध्ये जोर फॅ-वर; ‘ॲन ओल्ड-फॅशन्ड बिल्डिंग’ म्हटलं की पुढच्या बिल्-शी गर्दी नको म्हणून तो मागे ‘ओल्ड’वर सरकतो. ‘फर्स्ट-क्लास तिकीट’चंही तेच. लिबरमन आणि प्रिन्स या भाषाशास्त्रज्ञांनी १९७७ साली या सरकण्याची लयीच्या अंगाने मांडणी केली. ‘वॉटरप्रूफ’चा जोर आधीच पहिल्या भागावर असल्याने तो हलत नाही.

आणि मधली आडवी रेघ ही लिहिण्याची सोय आहे. तिथे श्वास घेऊन थांबलं की सगळी लय मोडते.