दोन्ही बाजूंना सारखी जागा दिली, म्हणजे बातमी निष्पक्ष झाली का?

कांद्याचं निर्यातशुल्क असो, तपोवनातली झाडं असोत की गोदावरीचं पाणी, नाशिकमध्ये वाद पेटला की वाचकांची पहिली तक्रार ठरलेली: "त्यांचंच छापलंत, आमचं कुठंय?" या एका तक्रारीत दोन मागण्या मिसळलेल्या असतात. एक सारख्या जागेची, दुसरी न्याय्य वागणुकीची. पहिली पट्टीनं मोजता येते, म्हणून संपादकालाही तीच सोयीची पडते.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि जिल्ह्यातल्या अनेक बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. शुल्क असावं की नसावं, हा धोरणाचा वाद. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा परवडला पाहिजे, शेतकऱ्याच्या हाती चार पैसे उरले पाहिजेत. दोघांचंही म्हणणं रास्त, तेव्हा दोघांनाही ऐसपैस जागा द्यावी. खरं तर इथे बाजू दोनच नाहीत. व्यापाऱ्याचं गणित वेगळं, आणि लिलाव थांबले की ज्याची मजुरी बुडते त्या हमाल-मापाऱ्याचं आणखी वेगळं. 'दोन्ही बाजू' म्हणताना हमाल हमखास गळतो.

पण शुल्क लागल्यावर भाव पडले का, हा मताचा प्रश्नच नाही. लासलगाव बाजार समिती रोजची आवक आणि किमान, कमाल, सरासरी भाव जाहीर करते. "भाव पडले, शेतकऱ्यांचा आरोप, पडले नाहीत, अधिकाऱ्यांचा दावा" एवढं छापून मोकळा झालेला बातमीदार समतोल दिसतो, पण त्यानं आपलं काम केलेलं नसतं. तक्ता बघायला असा किती वेळ लागतो?

गोदावरीवरच्या रामकुंडाचंही तेच. स्नानाच्या पाण्यात बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजायला किती ऑक्सिजन लागतो, त्याचं माप) लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. पाणी त्यात बसतं की नाही, हे नमुना तपासून कळतं; भाविक आणि पर्यावरणवाद्यांना पंधरा-पंधरा ओळी वाटून नव्हे. कुंभमेळ्यासाठी नदीकाठी किती खर्च करावा, हा मात्र पुन्हा खुला वाद.

हवामानबदलाच्या बातम्यांत ही गफलत फार काळ चालली. मॅक्सवेल आणि ज्यूल्स बॉयकॉफ या संशोधकांनी अमेरिकेतल्या बड्या वृत्तपत्रांच्या १९८८ ते २००२ या काळातल्या बातम्या तपासल्या. २००४ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा: निम्म्याहून अधिक बातम्यांनी 'माणसामुळे तापमान वाढतंय' आणि 'हे निसर्गतःच होतंय' या दोन्ही म्हणण्यांना साधारण सारखंच वजन दिलं होतं. शास्त्रज्ञांमध्ये तशी फिफ्टी-फिफ्टी फूट नव्हतीच.

वेळ मोजून देण्याची रीत निवडणुकीत आहे, पण तिथेही ती सरसकट सारखी नाही. आकाशवाणी-दूरदर्शनवर मान्यताप्राप्त पक्षांना मूळ वेळ सारखा मिळतो. वरचा वेळ मागच्या निवडणुकीतल्या कामगिरीवर ठरतो.

न्याय्य वागणुकीची कसोटी निराळी: ज्याच्यावर आरोप आहे, त्याला छापण्याआधी विचारलं का? ती तीन ओळींतही पाळता येते. "वारंवार संपर्क साधूनही प्रतिसाद मिळाला नाही" हे आपण रोज वाचतो. पहिला फोन सकाळी अकराला केला होता की पान सोडायच्या दहा मिनिटं आधी, हे त्यातून कळत नाही. माझ्या मते ती वेळही छापावी.