तितिकाकातली बेटं : पाहुणा कुणाच्या घरी जाणार?

पेरूतल्या तितिकाका सरोवरातल्या ताकिले आणि अमान्तानी या बेटांवर राहून आलेले लोक किन्वाचं सूप, मुन्या या पुदिन्यासारख्या वनस्पतीचा चहा आणि रात्रीच्या थंडीबद्दल भरभरून सांगतात. पण आपण कुणाच्या घरी उतरायचं हे कुणी ठरवलं, ते फारसं कुणी सांगत नाही. ३,८०० मीटर उंचीवरच्या या बेटांचा गेल्या पन्नास वर्षांचा झगडा मात्र त्यावरूनच झाला आहे.

त्याआधीचं थोडक्यात. स्पॅनिश राजवटीत इथल्या जमिनी जमीनदारांकडे गेल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ताकिलेकरांनी पैसे जमवून आपलीच जमीन तुकड्यातुकड्यानं विकत घेतली. बेटाचा कारभार बाहेरच्यांच्या हाती जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा निर्धार मला तिथूनच आलेला वाटतो.

१९७०च्या दशकात परदेशी प्रवासी येऊ लागले, तेव्हा ताकिलेच्या गावसभेनं पाळी लावली. आपल्याकडे पाटाच्या पाण्याची असते तशीच. पाहुणा बोटीतून उतरला की यादीत ज्या कुटुंबाचा क्रम, त्याच्याकडे जायचा. ज्याचं घर वाटेवर त्यालाच रोज गिऱ्हाईक, असं होऊ नये म्हणून. आणि हे चाललं ते बोटींमुळे. कुटुंबांनी गट करून लाकडी बोटी बांधल्या, त्यांना ट्रकची जुनी इंजिनं बसवली. पुढे सरोवराकाठच्या पुनो शहरातून ताकिलेला प्रवासी नेण्याचा हक्कही सरकारकडून मिळवला.

१९९०च्या दशकात मुक्त स्पर्धेचं धोरण आलं आणि हा हक्क मक्तेदारी ठरून गेला. स्पर्धा वाढली की सोय वाढते, हे खरं. पण शेकडो कुटुंबांनी मिळून चालवलेल्या बोटींना एखाद्या कंपनीच्या मक्तेदारीचा नियम लावणं मला आजही अन्यायाचं वाटतं. कारण पुनोतल्या एजन्सीची वेगवान बोट नुसता माणूस आणत नाही, त्याचं जेवण कुठे हेही आधीच ठरवून आणते. ताकिलेवर दुपारचं जेवण उरकून ती परत फिरते. पाळीची यादी तशीच राहते.

‘तुरिस्मो विवेन्सियाल’ या स्पॅनिश शब्दाचंही तेच झालं. त्याला होमस्टे म्हणून भागत नाही. यजमानांसोबत शेतात बटाटे काढायचे, चुलीपाशी बसायचं, त्यांचं जगणं काही दिवस जगायचं, असा त्याचा अर्थ. आता तासाभराच्या भेटीच्या जाहिरातीवरही तोच शब्द दिसतो.

मुक्कामाचे पाहुणे पुढे अमान्तानीकडे अधिक वळले. तिथे भरतकाम केलेले पांढरे ब्लाउज आणि काळी ओढणी घेतलेल्या बाया धक्क्यावर येतात आणि आपापल्या वाट्याचे पाहुणे घरी घेऊन जातात. यजमानाच्या हाती किती पडतं, हा तिथलाही जुना वाद आहे.

ताकिलेकरांची बोट पुनोहून सकाळी सुटते. तिला तीनेक तास लागतात. तिच्यातून उतरलेला पाहुणा पाचशेहून अधिक पायऱ्या चढतो आणि ज्याची पाळी असेल त्याच्या घरी जातो.