नासर्डीत रसायनाचं पाणी: तक्रारीपासून खटल्यापर्यंत

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या नाल्यातून रंगीत, फेसाळ पाणी नासर्डी नदीत येताना दिसलं, तर तक्रार कोणीही करू शकतं. तुमची जमीन नदीकाठी हवी किंवा तुमचं नुकसान झालेलं हवं, अशी अट नाही. अर्ज द्यायचा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, त्र्यंबक रोडवरच्या उद्योग भवनात. साधा कागद चालतो. जवळचा पूल किंवा प्लॉट नंबर, तारीख, वेळ, रंग, वास लिहा, फोटो जोडा. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय मात्र तिथून हलू नका.

बरेच जण पाणी बाटलीत भरून नेतात. कोर्टात ती बाटली टिकत नाही. जल अधिनियम 1974 च्या कलम 21 प्रमाणे नमुना मंडळानेच घ्यायचा. तोही कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस देऊन, त्याच्यासमोर दोन भाग करून, सीलबंद आणि सह्या करून. यातली एक पायरी चुकली की आरोपीच्या वकिलाचं काम सोपं होतं. म्हणून पाणी वाहत असतानाच मंडळाला फोन करा.

मंडळ आधी कारणे दाखवा नोटीस काढतं. पुढे कलम 33अ खाली कारखाना बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकतं. माझ्या मते खटल्यापेक्षा याचाच धाक जास्त.

मंडळ हललंच नाही तर कलम 49 आहे. मंडळाला विहित पद्धतीने 60 दिवसांची नोटीस देऊन तुम्ही स्वतः प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद करू शकता. नोटिशीत गुन्हा कोणता आणि आपण फिर्याद करणार आहोत, हे दोन्ही स्पष्ट हवं. आधीची साधी तक्रार नोटीस म्हणून धरली जात नाही. फिर्यादीनंतर मागणी केल्यास मंडळाला आपले अहवाल द्यावे लागतात, पण सार्वजनिक हिताचं कारण देऊन ते नाकारूही शकतं. त्यामुळे तपासणी अहवालासाठी माहिती अधिकाराचा अर्ज आधीच टाकून ठेवा.

धुराला वायू अधिनियम लागतो. त्याच्या बहुतेक उल्लंघनांना 1 एप्रिल 2024 पासून तुरुंगाऐवजी 10 हजार ते 15 लाखांचा दंड आहे आणि तो सरकारने नेमलेला न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो.

विहीर बिघडली, पीक गेलं, तर भरपाईसाठी राष्ट्रीय हरित लवादाचं, म्हणजे पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचं, पुणे खंडपीठ. मुदत 5 वर्षं. भरपाई नको, नुसता आदेश हवा असेल तर फक्त 6 महिने. फी 1000 रुपये. भरपाई मागितल्यास रकमेच्या 1 टक्का, किमान 1000. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी माफ. वकील सक्तीचा नाही.