ब्रेसाँ, रोबेर : दृश्यशैली व कथनतंत्र

रोबेर ब्रेसाँ (२५ सप्टेंबर १९०१–१८ डिसेंबर १९९९) या फ्रेंच दिग्दर्शकाने १९४३ ते १९८३ या चाळीस वर्षांत अवघे तेरा कथाचित्रपट केले. व्यावसायिक नटांचा अभिनय, भावना चेतवणारे पार्श्वसंगीत आणि नाट्यमय उत्कर्षबिंदू या तिन्हींना त्याने हळूहळू रजा दिली. त्यांच्या जागी हात, दारे, वस्तू, पावलांचे आवाज आणि या साऱ्यांची अत्यंत काटेकोर जुळणी आली. चित्रपटकलेच्या इतिहासात इतकी चटकन ओळखू येणारी शैली क्वचितच आढळते.

ब्रेसाँचे जन्मवर्ष दीर्घकाळ वादग्रस्त होते. त्याच्या हयातीतील बहुतेक संदर्भग्रंथांत ते १९०७ दिलेले आढळते; अलीकडील अभ्यासक १९०१ ग्राह्य धरतात आणि तेच अधिक विश्वसनीय वाटते. सहा वर्षांचा हा फरक किरकोळ नाही. १९०१ मानल्यास पहिला कथाचित्रपट त्याने चाळिशी ओलांडल्यावर आणि शेवटचा ऐंशी पार केल्यावर केला असे ठरते. चित्रपटाआधीचा त्याचा चित्रकलेचा काळही त्यामुळे बराच लांबतो. शैलीच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे, कारण त्याची पुढील परिभाषा चित्रकाराच्या कार्यशाळेतूनच आलेली आहे. जन्मस्थळ मध्य फ्रान्समधील ब्रोमाँ-लामोत. १९३४ चा त्याचा विनोदी लघुपट नष्ट झाल्याचे मानले जाई. तो पुढे सापडला, परंतु त्यात नंतरच्या शैलीची खूण फारशी दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धात तो वर्षाहून अधिक काळ जर्मनांच्या कैदेत होता.

‘सिनेमा’ व ‘सिनेमातोग्राफ’ या दोन शब्दांत ब्रेसाँने केलेला भेद त्याच्या विचाराच्या मुळाशी आहे. ‘सिनेमातोग्राफ’ हा मुळात चित्रपटाचे आद्य प्रवर्तक ल्यूमिएर बंधू यांच्या यंत्राचा शब्द. ब्रेसाँने तो उचलला आणि त्याला स्वतःचा अर्थ दिला : हलत्या प्रतिमा व ध्वनी यांच्या साहाय्याने केलेले लेखन. बाकी सारा ‘सिनेमा’, म्हणजे त्याच्या मते कॅमेऱ्यापुढे उभे केलेले नाटक. हे विचार त्याने १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या टिपणवहीत सूत्ररूपाने मांडले. नटासाठी त्याने वापरलेला ‘मॉडेल’ हा शब्दही चित्रकाराचा आहे. १९४५ पर्यंतच्या दोन चित्रपटांत त्याने नामवंत नट घेतले होते आणि संवाद अनुक्रमे झां झिरोदू व झां कॉक्तो या साहित्यिकांकडून लिहवून घेतले होते. त्यानंतर मात्र तो शक्यतो कधीच अभिनय न केलेली माणसे निवडू लागला. तेच वाक्य, तीच हालचाल तो त्यांच्याकडून पुनःपुन्हा करवून घेई, इतकी की त्यात ‘करून दाखवणे’ उरतच नसे. आपल्याकडे याला कोणी सपाट अभिनय म्हणेल. पण भाव चेहऱ्यावर नसला की तो प्रेक्षकाला दोन दृश्यांच्या सांध्यात शोधावा लागतो, आणि ब्रेसाँला नेमके तेच हवे होते.

पन्नाशीच्या दशकापासून त्याने जवळजवळ केवळ ५० मिमी. भिंग वापरले. ३५ मिमी. फिल्मवर हे भिंग अंतर ताणत नाही, दाबतही नाही. वस्तू साधारणपणे जशी दिसते तशीच राहते. चित्रचौकटीला भिंगाचा नखरा उरत नाही, आणि दोन चौकटींमधील फरक पडतो तो फक्त काय दाखवले व किती वेळ दाखवले यामुळे. लेओन्स-आंरी ब्यूरेल हा छायालेखक चार चित्रपट त्याच्यासोबत होता. पुढे गिस्लँ क्लोके आणि पास्क्वालीनो दे सांतिस आले. छायालेखक बदलले, शैली फारशी बदलली नाही. कॅमेरा पुष्कळदा कंबरेच्या उंचीवर असतो आणि माणसाचे डोके चौकटीबाहेर राहते. ‘पिकपॉकेट’ (१९५९) मधील गार द लियाँ स्थानकावरचा प्रसंग यासाठी मुद्दाम पाहावा. तिघे खिसेकापू गर्दीत पाकिटे हातोहात पुढे सरकवतात. एक पाकीट रिकामे होऊन पुन्हा मालकाच्या खिशात जाते. चेहऱ्यांपेक्षा बोटे जास्त दिसतात. कासागी नावाच्या हातचलाखी करणाऱ्या कलावंताने यासाठी मार्गदर्शन केले व त्यातील एका साथीदाराचे कामही केले.

ध्वनीचा वापर हे ब्रेसाँच्या तंत्राचे सर्वांत समृद्ध अंग होय. जे कानाला कळते ते डोळ्याला पुन्हा दाखवू नये, असा त्याचा दंडक. आंद्रे दव्हिनी या फ्रेंच सैनिकाने लियाँच्या माँल्यूक तुरुंगातून केलेल्या पलायनावर आधारित १९५६ च्या चित्रपटाची सुरुवात पाहिली की हे पटते. मोटारीच्या मागच्या आसनावर कैदी बसला आहे, त्याचा हात दाराच्या मुठीकडे सरकतो, मागे येतो, पुन्हा सरकतो. गाडी मंदावते आणि तो उडी मारतो. कॅमेरा मात्र त्याच्यामागे जात नाही, रिकाम्या आसनापाशीच थांबतो. बाहेर आरडाओरडा होतो, गोळ्या झाडल्याचे आवाज येतात, आणि थोड्याच वेळात त्याला आणून पुन्हा त्याच जागी बसवले जाते. पळण्याचा प्रयत्न फसला हे आपण पाहिलेले नसते, ऐकलेले असते. चित्रपटाच्या नावातच (‘मृत्युदंडाचा कैदी निसटला’ अशा अर्थाच्या) सुटकेची बातमी दिलेली असूनही पुढचा दीड तास धाकधूक राहते. चमच्याचे टोक दाराच्या फळीवर घासल्याचा आवाजच ती टिकवून धरतो. संगीत अगदी मोजके : येथे मोझार्टच्या ‘सी मायनर मास’मधील अंश, तर एका गाढवाची कथा सांगणाऱ्या ‘ओ आझार बाल्ताझार’ (१९६६) मध्ये शूबर्टची पियानो रचना, जी नामावली चालू असतानाच गाढवाच्या ओरडण्याने तुटते. साठीच्या दशकानंतर बाहेरून जोडलेले संगीत जवळपास नाहीसे झाले.

कथनात ब्रेसाँ एकीकडे पुनरुक्ती करतो, तर दुसरीकडे गाळतो. फ्रेंच कादंबरीकार बेर्नानोसच्या कादंबरीवरील १९५१ च्या चित्रपटात तरुण पाद्री रोजनिशी लिहिताना दिसतो, तेच शब्द निवेदनात ऐकू येतात आणि मग तीच घटना पडद्यावर घडते. फ्रेंच चित्रपटसमीक्षक आंद्रे बाझँने त्याच वर्षी लिहिलेल्या निबंधात या चित्रपटाचे सूक्ष्म विवेचन केले : कादंबरीचे ‘चित्रपटीकरण’ न करता तिचे गद्य ऐकवणे, हीच येथे मूळ कृतीशी निष्ठा ठरते. गाळण्याची रीत नंतरच्या चित्रपटांत तीव्र होत गेली. टॉलस्टॉयच्या कथेवरील ‘लार्जां’ (पैसा, १९८३) मध्ये म्हातारा बाप आपल्या मुलीला थप्पड मारतो. पडद्यावर तिच्या हातातील कॉफीचा वाडगा हिंदकळतो एवढेच. हिंसेचे इतके थोडके आणि इतके जिव्हारी लागणारे चित्रण विरळा. या चित्रपटाला कान महोत्सवात रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीच्या ‘नोस्ताल्जिया’सोबत विशेष पारितोषिक विभागून मिळाले.

या शैलीचा अर्थ काय, यावर मतभेद आहेत. जान्सेनपंथी कॅथलिक विचार, म्हणजे मनुष्यप्रयत्नापेक्षा ईश्वरी कृपेला दिलेले प्राधान्य, हे तिचे मूळ असल्याचे अनेकांनी मानले. अमेरिकन लेखिका सुसान सॉन्टॅगने १९६४ साली त्याच्या चित्रपटांच्या आध्यात्मिक शैलीची चर्चा केली. अमेरिकन समीक्षक पॉल श्रेडरने १९७२ मध्ये जपानी दिग्दर्शक ओझू व डॅनिश दिग्दर्शक ड्रायर यांच्या जोडीने त्याला ‘अतींद्रिय’ शैलीचा प्रतिनिधी ठरवले. याउलट चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेलने ‘पिकपॉकेट’चे विश्लेषण करताना रचनेच्या अंगांवर, मर्यादित तंत्रांच्या आवर्तनावर व फेरफारावर, भर दिला. पहिले मत पन्नाशीतील चित्रपटांना बऱ्यापैकी लागू पडते. सत्तरीतील व नंतरच्या काळ्याकुट्ट चित्रपटांपाशी मात्र ते अडखळते, कारण तेथे कृपेची चाहूल शोधूनही सापडत नाही. हात आणि आवाज यांपासून सुरू होणारे वाचन तेराही चित्रपटांना पुरते, म्हणून ते अधिक ग्राह्य वाटते.

भारतात हा प्रभाव प्रामुख्याने पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या दोन दिग्दर्शकांत दिसतो. कुमार शहानी यांनी फ्रान्समध्ये असताना ‘यून फाम दूस’ (१९६९) या ब्रेसाँच्या पहिल्या रंगीत चित्रपटासाठी साहाय्यक म्हणून काम केले. मणि कौल यांनी ‘उसकी रोटी’मध्ये निर्विकार संवादफेक व हातांची समीपदृश्ये स्वीकारली; मात्र एकाच भिंगाचा दंडक न पाळता २८ व १३५ मिमी. अशी परस्परविरोधी भिंगे वापरली. या दोन वाटा पुन्हा एका कथेपाशी भेटतात. ‘यून फाम दूस’ ज्या दस्तयेव्हस्कीच्या कथेवर आधारलेला आहे, तीच कथा कौल यांनी ‘नजर’साठी घेऊन मुंबईत आणली. ब्रेसाँच्या चित्रपटात पत्नीच्या आत्महत्येचे दर्शन असे : सज्जातील मेज कलंडते, खाली गाड्यांचे ब्रेक करकरतात, आणि हवेत एक पांढरी शाल तरंगत खाली येते.