केसगळ, मांजरांची
पाळीव मांजराच्या अंगावरचे वाढ पूर्ण झालेले केस सुटून त्या जागी नवे येण्याची नैसर्गिक क्रिया. ठाणे-नवी मुंबईत मांजर पाळणारे हिला ‘फर झडणे’ असेही म्हणतात. बाहेरचे राठ केस संख्येने कमी व आतली मऊ लव पुष्कळ असल्याने सोफ्यावर साचते ती बहुतांशी लवच. पर्शियन मांजरात ती दाट असते.

केसगळीचे चक्र कशावर चालते, याविषयी एक मत तापमानाला व दुसरे दिवसाच्या लांबीला महत्त्व देते. दुसरे अधिक ग्राह्य वाटते. प्रकाश किती तास मिळतो त्यानुसार मेलॅटोनिन व प्रोलॅक्टिन या संप्रेरकांचे प्रमाण बदलते व त्याचा परिणाम केसांच्या मुळांवर होतो, असे अनेक सस्तन प्राण्यांत आढळले आहे. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात मांजरांच्या केसांची वाढ उन्हाळ्याच्या अखेरीस सर्वाधिक व हिवाळ्याच्या अखेरीस सर्वांत कमी भरली. तो प्रदेश मात्र विषुववृत्तापासून बराच दूर. ठाणे सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असून येथला सर्वांत लहान दिवस ११ तासांचा, तर सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. लंडनमध्ये हाच फरक पावणेनऊ तासांच्या आसपास जातो. त्यात घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा नेरुळच्या सदनिकेत मध्यरात्रीपर्यंत दिवे जळतात. त्यामुळे ‘वसंतात आणि शरदात केस गळतात’ हा थंड देशांतला ठोकताळा येथे जपूनच वापरावा. घरातल्या मांजराचे केस बाराही महिने थोडेथोडे गळत राहतात.

पावसाळ्यात ही गळ अधिक जाणवते. कपडे घरातच दोरीवर वाळत असतात आणि पंख्याच्या वाऱ्यावर उडालेली लव ओल्या काळ्या सलवारीला जाऊन चिकटते. दमट हवेत लांब केसांच्या जटाही लवकर होतात, विशेषतः काखेत व मांड्यांच्या मागे. ओला रबरी हातमोजा गादीवरून एकाच दिशेने फिरवला की केसांची वळकटी होऊन निघते.

मांजराच्या जिभेवर मागे वळलेले केराटिनचे काटे असतात. चाटताना त्यांत अडकलेले केस पोटात जातात. बहुतेक विष्ठेवाटे पडतात, उरलेल्यांची लांबट गुंडाळी उलटीतून बाहेर येते. वारंवार उबळ येऊन काहीच पडत नसेल आणि खाणेही सुटले असेल, तर आतड्यात अडथळा असू शकतो, पशुवैद्याकडे न्यावे. मांजराचा केस पोटात गेल्याने माणसाला दमा होतो, ही समजूत मात्र खरी नव्हे. त्रासदायक प्रथिन मुख्यतः मांजराच्या लाळेत व त्वचेच्या स्निग्ध ग्रंथींत तयार होते. केस आणि कोंडा हे त्याचे वाहन.

लांब केसांच्या मांजराला रोज, आखूड केसांच्याला आठवड्यातून एकदोनदा विंचरणे पुरते. केस जवळजवळ पूर्णतः प्रथिनांचाच असल्याने नुसत्या दूधपोळीवर वाढवलेल्या मांजराची फर निस्तेज होते.

गोल टक्कल, खपल्या किंवा सततची खाज ही साधी केसगळ नव्हे. पिसवा, अॅलर्जी वा बुरशीजन्य गजकर्ण संभवतो आणि गजकर्ण घरातल्या माणसांनाही लागते. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त पिसवानाशक मांजराला विषारी ठरते. माणसांच्या टकलावर लावायचे मिनॉक्सिडिलही तसेच. ते लावलेली उशी चाटूनही मांजराच्या जिवावर बेतू शकते.