भाजलेली पट्टी घासू नका
हाडाच्या इम्प्लांटसाठी सिरॅमिकचे नमुने करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी

आमच्याकडून नमुने भाजून नेणारे बहुतेक जण एम.टेक., पीएच.डी.चे विद्यार्थी, त्यांचे गाइड आणि इम्प्लांट बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांतली आर अँड डीची मंडळी. ताकद मोजण्यासाठी वाकवून तोडायच्या पट्ट्या नेल्यावर काही आठवड्यांनी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा एकच फोन येतो. "सगळे पेपर चांगले आकडे देतात आणि आमच्या पट्ट्या निम्म्या ताणावरच तुटल्या. भट्टीचं तापमान नीट होतं ना?" भट्टीचा आलेख आम्ही प्रत्येक खेपेसोबत देतो, त्यामुळे तेवढे उत्तर लगेच मिळते. मग आम्ही विचारतो, पट्टी फिक्स्चरमध्ये (चाचणीयंत्रात ती धरणाऱ्या पकडीत) बसेना म्हणून कुठे घासली का? "हो, म्हणजे थोडीशी. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये."

त्या थोडीशीपायी महिना जातो. नवी पावडर, नवे साचे, भट्टीसाठी पुन्हा रांग. म्हणून हे पत्रक.

सिरॅमिकची पट्टी तिच्या सगळ्यात मोठ्या भेगेवर तुटते. बाकीचा माल कितीही चांगला असला तरी त्याला विचारतो कोण? स्टील भेगेच्या टोकाशी थोडे वाकते आणि ताण पसरवून टाकते, सिरॅमिकला ते जमत नाही. गणित साधे आहे: भेग चौपट खोल झाली की ताकद निम्मी होते. हायड्रॉक्सिअपेटाइटचा (हाडातल्या खनिजासारख्या सिरॅमिकचा) चिवटपणा, म्हणजे भेगेला पसरू न देण्याची ताकद, जेमतेम १ मेगापास्कल रूट मीटर. त्याच्या पृष्ठभागावर ६० मायक्रॉनची अर्धगोल भेग असेल तर पट्टी १०० मेगापास्कल ताणाच्या आसपास तुटते. साठ मायक्रॉन म्हणजे डोक्याच्या केसाएवढे. आणि वर्कशॉपमधल्या १२० नंबरच्या डायमंड व्हीलवरचा एकेक कण त्याच्या दुप्पट असतो. तो कोरडा, हाताने दाबून, पट्टीच्या आडव्या दिशेने फिरवला की मागे काय उरत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. वर दिसणारा ओरखडा निरुपद्रवी असतो, त्याच्याखाली गेलेली भेग डोळ्याला दिसत नाही.

यावर हमखास येणारा प्रश्न: "पण आमचं मटेरियल तर चिवट केलेलं आहे ना, झिर्कोनिया घातलाय की." घातलाय (झिर्कोनिया म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइड), आणि त्याचा उपयोगही होतो. १९७५ साली ऑस्ट्रेलियात गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांनी तो दाखवला. त्यांच्या शोधनिबंधाचे शीर्षकच 'सिरॅमिक पोलाद?' असे, प्रश्नचिन्हासकट होते. हल्ली बहुतेकदा यिट्रिया (यिट्रियम ऑक्साइड) घालून झिर्कोनियाचे बारीक स्फटिक टेट्रागोनल या दाट रूपात खोलीच्या तापमानापर्यंत धरून ठेवायचे. भेग जवळ आली की तिच्या टोकाच्या ताणाने ते मोनोक्लिनिक या दुसऱ्या रूपात जातात, चार-पाच टक्के फुगतात आणि भेगेला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. अ‍ॅल्युमिनाचा चिवटपणा ३ ते ४ असतो, झिर्कोनिया मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनाचा ६ च्या घरात जातो. खुब्याच्या सांध्यात बसवतात तो गुलाबी गोळा याच जातीचा. (गुलाबी रंग क्रोमियम ऑक्साइडचा. "आम्हाला ते गुलाबीवालं द्या" असे सांगणाऱ्यांसाठी ही नोंद. चिवटपणा मुख्यतः झिर्कोनियाचा आहे.)

पण सहा म्हणजे सहाच. चिवट मटेरियल भेग सहन जास्त करते, तिला पुसून टाकत नाही. शंभर मायक्रॉनची भेग पाडलीत तर ही चिवट पट्टीसुद्धा साडेचारशे मेगापास्कलच्या फारशी वर जाणार नाही, आणि तुम्ही सात-आठशेची वाट पाहत बसाल.

यात एक गोंधळ आहे, तोही सांगून टाकतो. निव्वळ झिर्कोनियाची पट्टी घासली तर कधी कधी ताकद वाढलेली दिसते. घासताना वरचे स्फटिक फुगतात आणि पृष्ठभागावर दाबाचा पातळ थर तयार होतो. भेगा त्या थराच्या आत राहिल्या तर आकडा सुधारतो, खाली गेल्या तर घसरतो. एका विद्यार्थ्याचा आकडा वर गेला की अख्खी लॅब घासायला लागते, आणि पुढचा हायड्रॉक्सिअपेटाइट घेऊन बसलेला असतो. तिथे असा थर नाही, वाचवणारे काही नाही.

मग माप कसे जुळवायचे? भाजण्याआधी. कच्चा नमुना खडूसारखा कापता येतो. जे काही कोरायचे, भोक पाडायचे, कोपरा गोल करायचा ते त्याच वेळी. भाजताना प्रत्येक बाजू साधारण वीस टक्के आखडते, म्हणजे साचा सव्वापट. तुमच्या पावडरीचे नेमके आकसणे किती हे आम्ही आधी एक छोटी गोळी भाजून काढून देतो. मोठ्या ऑर्डरवर त्याचे पैसे घेत नाही. ड्रॉइंगमध्ये आतला काटकोनी कोपरा ठेवू नका. तिथे भेग आम्हाला न विचारता सुरू होते.

भाजल्यानंतर घासावेच लागते ते चाचणीच्या पट्ट्यांना, आणि "एवढे पैसे कशाचे?" हा प्रश्नही तिथेच येतो. वाकवण्याच्या चाचणीची नेहमीची पट्टी ३ × ४ × ४५ मिलिमीटरची. एएसटीएम सी ११६१ या चाचणीच्या मानकाप्रमाणे शेवटचे ०.०६ मिलिमीटर ३२० ते ५०० नंबरच्या व्हीलने, एका फेरीत ०.००२ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, असे काढायचे. म्हणजे एका बाजूला तीस फेऱ्या, चार बाजूंच्या एकशे वीस, सतत कूलंट सोडून आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेने. उरलेले बारीक चरे मग ताणाला समांतर राहतात. नंतर लांब कडा ४५ अंशांत ०.१२ मिलिमीटर मोडायच्या, त्याही लांबीच्या दिशेनेच. कडा न मोडलेली पट्टी आमच्या दारातून बाहेर जात नाही. घाई असली तरी नाही. यापेक्षा स्वस्तात घासून देणारे आहेत, त्यांच्याकडे जरूर जा. फक्त कोणत्या दिशेने घासले हे लिहून घ्या.

हायड्रॉक्सिअपेटाइटमध्ये झिर्कोनिया मिसळून "चिवट हाड" करायला निघालेल्यांशी थोडे वेगळे बोलायचे आहे. कल्पना चांगली आहे, पण दोघांना एकत्र १३०० अंशांवर भाजले की अपेटाइटमधले कॅल्शियम झिर्कोनियात शिरते. झिर्कोनिया क्युबिक या तिसऱ्या, न फुगणाऱ्या रूपात जातो, म्हणजे ज्या फुगण्यासाठी त्याला घातले तेच बंद होते, आणि अपेटाइट मोडून ट्रायकॅल्शियम फॉस्फेट होते. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकांचे रूप ओळखण्याची चाचणी) काढल्यावर हे कळते, पण तोवर पट्ट्या तुटून गेलेल्या असतात. म्हणून अशा मिश्रणाची आम्ही आधी एकच गोळी भाजतो आणि एक्सआरडी बघून मगच पूर्ण खेप घेतो. तापमान वाढवून मागू नका. जास्त तापमानात कण वाढतात, आणि वाढलेला झिर्कोनियाचा कण भेगेची वाट न बघता थंड होतानाच फुगतो. झटपट भाजणारी स्पार्क प्लाझ्मा भट्टी आमच्याकडे नाही. मिश्रणाला तीच लागणार असेल तर आम्ही तसे सांगतो आणि ऑर्डर घेत नाही.

झिर्कोनियाचे नमुने पेशींच्या चाचणीआधी पुन्हा पुन्हा ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करणेही टाळा. १३४ अंशांची वाफ हीच आयएसओ १३३५६ या इम्प्लांटच्या झिर्कोनियाच्या मानकातली झिर्कोनिया म्हातारा, म्हणजे कमजोर, करून बघण्याची चाचणी आहे. फ्रान्समध्ये बनलेले झिर्कोनियाचे काही खुब्याचे गोळे २००१ च्या सुमारास रुग्णांच्या शरीरातच फुटले. भट्टीचा प्रकार बदलल्यानंतरच्या, लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या ठरावीक बॅचेस होत्या त्या. भट्टीचा आलेख खेपेसोबत देण्याचा आमचा हट्ट त्या प्रकरणामुळेच आहे.

चिवटपणाचा आकडा विकर्सच्या खुणेच्या (हिऱ्याचे टोक दाबून पाडलेल्या चौकोनी खुणेच्या) कोपऱ्यांतून निघालेल्या भेगा मोजून काढायचा असेल तर आम्ही खूण पाडून फोटो देऊ, पण रिपोर्टवर 'चिवटपणा' असे लिहून देणार नाही. क्विन आणि ब्रॅड्ट या संशोधकांनी २००७ मध्येच ती पद्धत यासाठी भरवशाची नाही असे सविस्तर मांडले आहे. खाच पाडलेली पट्टी वाकवून घ्या. खाच आम्ही रेझर ब्लेड आणि डायमंड पेस्टने पाडून देतो, त्याचा दर वेगळा.

ऑर्डर देताना पावडर कोरडी, हवाबंद डब्यात आणि बाइंडर (पावडर धरून ठेवणारा चिकट पदार्थ) कोणता व किती टक्के हे लिहून पाठवा. बाइंडर जाळण्याचा वेग त्यावरच ठरतो. वायबुल आलेख (ताकदीचे आकडे किती विखुरलेत ते दाखवणारा) काढायचा असेल तर निदान तीस पट्ट्या लागतात, म्हणून पावडर पस्तीस पट्ट्यांना पुरेल एवढी द्या. घनता आर्किमिडीज पद्धतीने मोजून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आणि पट्टी तुमच्या फिक्स्चरमध्ये बसली नाही तर घासण्याआधी फोन करा. फिक्स्चरचे माप आधी कळवलेले असेल तर ती पट्टी आम्ही फुकट जुळवून देतो.